पदवीची सनद आणि पवित्र शास्त्राची प्रत

कोल्हापूरच्या एखाद्या ख्रिस्ती घरातील मुलगा अथवा मुलगी पदवीधर झाली, म्हणजे पेढे वाटले जातात, पाळकसाहेबांना वर्दी जाते, आणि येत्या रविवारच्या उपासनेत उपकारस्तुतीचे अर्पण किती द्यावे याचा विचार घरात सुरू होतो. हे सर्व रीतीप्रमाणे पार पडते. परंतु आजी-आजोबा, मामा, मावशी, संडे स्कूलचे जुने शिक्षक आणि मंडळीचे पंच या सर्वांपुढे त्याच सुमारास एक प्रश्न उभा राहतो, आणि तो दिसायला लहान असला तरी त्याचे समाधानकारक उत्तर पुष्कळांना सापडत नाही. या मुलाला द्यावे काय? घड्याळ, पेन, कपडे अथवा पाकिटातील रक्कम यांत काही वावगे नाही. पण विद्या हे परमेश्वराचे दान आहे अशी ज्यांची श्रद्धा आहे, त्यांना या प्रसंगी श्रद्धेची खूण असलेली एखादी वस्तू द्यावी असे वाटते, आणि ते वाटणे योग्यच आहे.

अडचण येते ती पुढे. सोनेरी कडांची, रेशमी फितीची, पेटीत बंद केलेली बायबलची प्रत आणली जाते, दोन शब्द बोलून ती हाती दिली जाते, छायाचित्र निघते, आणि त्यानंतर ती प्रत काचेच्या कपाटात जाऊन बसते. देणाऱ्याची भक्ती खरी असते, घेणाऱ्याचा आदर खरा असतो, आणि तरीही त्या दोघांमध्ये काहीच घडलेले नसते. धार्मिक भेट ही नुसती शोभेची वस्तू होऊ द्यावयाची नसेल, तर पदवीच्या प्रसंगी ती का द्यावयाची याचा विचार आधी केला पाहिजे. माझे मत असे की, ज्या अनेकांच्या कष्टांवर ही पदवी उभी आहे त्यांचे ऋण पदवीधराच्या ध्यानी आणून देणे, आणि ते ऋण कोणत्या दिशेने फेडावयाचे याची वाट दाखविणे, हेच अशा भेटीचे खरे प्रयोजन आहे. जी भेट हे दोन्ही साधते ती चार आण्यांची असली तरी थोर, आणि जी साधत नाही ती चांदीची असली तरी व्यर्थ.

हे ऋण कोल्हापुरात जितके स्पष्टपणे मोजून दाखविता येते तितके क्वचितच दुसरीकडे येईल. रॉयल गोल्ड वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी आपल्या पत्नीसह 1852 साली कोल्हापुरात आले, तेव्हा संस्थानच्या या राजधानीत त्यांचे स्वागत झाले असे म्हणता येत नाही. तथापि ते टिकून राहिले, त्यांनी शाळा काढल्या, त्या शाळांत मुलींनाही बसविले, आणि मराठी बायबलच्या भाषांतराच्या व संशोधनाच्या समित्यांवरही काम केले. 1870 साली हे मिशन अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन मंडळाकडे गेले आणि त्याचा विस्तार होत राहिला. शहरातील वाइल्डर मेमोरियल चर्च, आयर्विन ख्रिश्चन हायस्कूल आणि एस्तेर पॅटन यांच्या नावाची शाळा ही नावे आजही कोल्हापूरकरांच्या तोंडी आहेत. शेजारच्या मिरजेत कॅनडाहून आलेल्या डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी 1894 साली रुग्णालय उभे केले. त्या रुग्णालयाने रोगी तर बरे केलेच, पण परिचारिका आणि वैद्यकीय साहाय्यक शिकवून तयार करण्याची परंपराही घालून दिली. आज ज्या घरातील मुलगी परिचर्येची पदवी घेऊन बाहेर पडते, त्या घरातील एखादी पणजी त्या जुन्या दालनांत पांढऱ्या लुगड्यात रात्रपाळी करीत असण्याचा संभव पुष्कळ आहे.

दुसरे ऋण दरबारचे. राजर्षी शाहू छत्रपतींनी 26 जुलै 1902 रोजी संस्थानच्या नोकऱ्यांतील निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला, 1917 साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, आणि खेड्यापाड्यांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांची राहण्याची सोय व्हावी म्हणून जातीजातींची, धर्माधर्मांची वसतिगृहे उभी करण्यास जागा, पैसा आणि उत्तेजन दिले. मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य समाज यांच्या वसतिगृहांच्या त्या मालिकेत ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या वसतिगृहालाही स्थान होते. ज्यांच्या पूर्वजांना गावच्या शाळेच्या ओसरीवरही बसण्याची मुभा नव्हती, अशा अनेक कुटुंबांतील मुले मिशनची शाळा आणि दरबारचा आश्रय या दोन हातांना धरून अक्षरापर्यंत पोहोचली, हे या भागातील ख्रिस्ती समाजाच्या इतिहासाचे सारभूत सत्य आहे.

तिसरे ऋण खुद्द या नगरीतील उच्च शिक्षणाचे. राजाराम महाविद्यालय 1880 साली सुरू झाले. पदवीची सनद मात्र दीर्घ काळ परगावच्या विद्यापीठाची असे. 18 नोव्हेंबर 1962 रोजी शिवाजी विद्यापीठाची स्थापना झाली आणि शेतकऱ्याच्या, कारागिराच्या, पाळकाच्या, परिचारिकेच्या मुलाला आपल्याच मुलखात पदवी मिळण्याची सोय झाली. तेव्हा कोल्हापूरच्या ख्रिस्ती पदवीधराच्या हातातील सनदेवर कुलगुरूंची सही असली, तरी तिच्यामागे न दिसणाऱ्या सह्या पुष्कळ आहेत. भेट देणाऱ्याने त्या सह्या त्याला वाचून दाखवावयाच्या असतात.

या नगरीच्या इतिहासातच असे एक उदाहरण आहे की ज्यात पदवी आणि श्रद्धा यांचा संबंध विलक्षण स्पष्टपणे दिसतो. वाइल्डर दांपत्याचा मुलगा रॉबर्ट हा 1863 साली कोल्हापुरातच जन्मला. पुढे हे कुटुंब अमेरिकेत परतले. रॉबर्टची बहीण ग्रेस माउंट होलिओक येथे शिकली आणि रॉबर्टने प्रिन्स्टन येथून 1886 साली पदवी घेतली. आपल्याला मिळालेली विद्या केवळ आपल्या उत्कर्षासाठी नाही, तिचा विनियोग जगाच्या सेवेत झाला पाहिजे, असा या भावाबहिणींचा निश्चय होता, आणि आपल्यासारखे शेकडो पदवीधर या कामी पुढे यावेत म्हणून दोघे नित्य प्रार्थना करीत असत. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधील माउंट हर्मन येथे अडीचशे विद्यार्थ्यांचे शिबिर भरले, आणि ते संपण्यापूर्वी त्यांतील शंभर तरुणांनी परदेशी सेवेस जाण्याची तयारी दाखविली. त्यातून 1888 साली ‘स्टुडंट व्हॉलंटियर मूव्हमेंट’ ही चळवळ रीतसर स्थापन झाली आणि पुढील काही दशकांत हजारो पदवीधर तिच्यामार्फत जगभर गेले. ग्रेस स्वतः आईसह पुन्हा या भागात परत आली. रॉबर्टनेही पुढे भारतातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांमध्ये काम केले. घरातून मिळालेली श्रद्धा आणि महाविद्यालयातून मिळालेली विद्या यांची गाठ नीट बसली, म्हणजे एका सामान्य पदवीतून काय निर्माण होऊ शकते, हे या कोल्हापुरात जन्मलेल्या मुलाने दाखवून दिले.

विद्येचा गौरव म्हणून धर्मग्रंथ देण्याची गोष्ट निघाली, म्हणजे पंडिता रमाबाईंचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. 1878 साली ही विशीतील मराठी विदुषी कलकत्त्यास गेली, तेव्हा तेथील पंडितांनी तिच्या संस्कृत विद्वत्तेची परीक्षा घेऊन तिला ‘सरस्वती’ ही पदवी दिली. त्याच मुक्कामात ब्राह्म समाजाचे पुढारी केशवचंद्र सेन यांच्याकडे ती गेली असता, वेद वाचले आहेत काय, असे त्यांनी विचारले. स्त्रीला तो अधिकार नाही, अशी तिची तोवरची समजूत होती. केशवचंद्रांनी एका वेदाची प्रत तिच्या हाती ठेवली आणि ती अभ्यासण्याचा आग्रह केला. ही भेट शोभेची नव्हती. जो दरवाजा बंद आहे असे ती मानून चालली होती तो उघडा आहे, असे त्या भेटीने तिला सांगितले. पुढे आसामात सिल्चर येथे संसार चालू असताना पतीच्या ग्रंथसंग्रहात तिला लूककृत शुभवर्तमानाची एक लहानशी बंगाली प्रत सापडली आणि तिच्या चिंतनाला नवे वळण लागले. 1883 साली तिने इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. आणि ज्या बाईच्या आयुष्याला ग्रंथांनी असे दोनदा वळण दिले, तिने उतारवयात हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून, खेड्यातील साध्या बायकांनाही कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबल उतरविण्याचे काम केडगावच्या मुक्तिसदनात पार पाडले. 1922 च्या एप्रिलमध्ये त्या निवर्तल्या. त्यांचे भाषांतर 1924 साली प्रसिद्ध झाले. ज्याला ग्रंथ मिळाला त्याने तो पुढच्यांसाठी अधिक सुगम करून ठेवावा, यापेक्षा ऋण फेडण्याचा अधिक सुंदर प्रकार मला माहीत नाही.

दुसरे उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. 1893 साली नोकरीसाठी राजनांदगावास जात असताना आगगाडीच्या डब्यात त्यांची एका युरोपियन गृहस्थाशी गाठ पडली. बोलणे काव्यावरून धर्माकडे वळले, आणि उतरण्यापूर्वी त्या गृहस्थाने नव्या कराराची एक प्रत टिळकांना देऊन ती वाचण्याचे त्यांच्याकडून कबूल करून घेतले. दिलेला शब्द पाळावयाचा म्हणून टिळक वाचू लागले, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरच्या प्रवचनापाशी येऊन त्यांचे मन जे गुंतले ते सुटले नाही. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला.  या दोन कथा धर्मांतराच्या इतिहासात सांगितल्या जातात, परंतु येथे त्यांतून घ्यावयाचा बोध वेगळा आहे. दोन्ही ठिकाणी देणाऱ्याने समोरच्याची बुद्धी मोठी मानली. हे तुझ्या वाचण्याच्या योग्यतेचे आहे, आणि तू ते वाचलेस तर पाहा, एवढेच तो म्हणाला. पदवीधराला ग्रंथ देताना हाच भाव हवा. लहानपणी संडे स्कूलमध्ये पाठांतराबद्दल मिळालेल्या बायबलहून पदवीच्या दिवशी मिळणारी प्रत वेगळी ठरते ती याच कारणाने. ती मुलाला दिलेले बक्षीस नसून प्रौढ वाचकाला दिलेले निमंत्रण असते.

आता भाषेविषयी. आमची मुले इंग्रजी माध्यमातून शिकतात, पुण्याच्या कंपन्यांत इंग्रजीत काम करतात, तेव्हा त्यांना इंग्रजी बायबलच बरे, असे हल्ली अनेक घरांत म्हटले जाते. इंग्रजी प्रत जरूर द्यावी. अभ्यासाच्या टीपा, नकाशे आणि संदर्भ असलेल्या इंग्रजी आवृत्त्या उत्तम आहेत आणि पदवीधराने त्यांचा उपयोग करावा. पण मराठी प्रत तिच्यासोबत असलीच पाहिजे, आणि त्याला कारण आहे. मराठीत पवित्र शास्त्र आणण्यासाठी ज्यांनी आयुष्ये वेचली त्यांची परंपरा लहान नाही. बंगालमधील श्रीरामपूरच्या छापखान्यातून विल्यम केरी यांनी वैजनाथ शर्मा या पंडितांच्या साहाय्याने 1805 साली मत्तयाचे शुभवर्तमान आणि 1811 साली संपूर्ण नवा करार मराठीत प्रसिद्ध केला. हा नवा करार मोडी लिपीत छापला होता, कारण व्यवहारात दप्तरी कामकाज करणाऱ्यांची लिपी ती होती. अमेरिकन मराठी मिशनने मुंबईत हेच काम पुढे नेले, आणि 1847 साली संपूर्ण बायबल मराठी वाचकांच्या हाती आले. त्याच्याही आधी, 1616 साली, गोमंतकात राहणाऱ्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेज्विताने दहा हजारांहून अधिक ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ मराठीत छापून प्रसिद्ध केले होते. आमच्या घरांतील आज्यांनी प्रार्थना केली ती या मराठीत, आजारी लेकराच्या उशाशी स्तोत्र म्हटले ते या मराठीत, आणि कबरस्तानात आप्तांना निरोप दिला तोही या मराठीत. बाहेरच्या जगात जाणाऱ्या मुलाच्या पेटीत ती भाषा असू नये, हे बरे नव्हे.

पवित्र शास्त्राच्या जोडीला काय देता येईल, याची यादी पदवीधराचा विषय आणि स्वभाव पाहून करावी. संगीताची आवड असणाऱ्याला ‘उपासना संगीत’ द्यावे. टिळकांची आणि अन्य मराठी ख्रिस्ती कवींची गीते त्यात आहेत, आणि परगावी एकट्याने राहणाऱ्या तरुणाला गाता येण्याजोग्या चार गीतांचा आधार किती मोठा असतो, हे ज्याने वसतिगृहात दिवस काढले त्याला सांगावे लागत नाही. वाङ्मयाच्या पदवीधराला ‘ख्रिस्तपुराण’, किंवा टिळकांनी आरंभिलेले आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलेले ‘ख्रिस्तायन’ द्यावे. आणि कोणत्याही शाखेच्या मुलीला, विशेषतः घरात पहिल्यानेच पदवी घेणाऱ्या मुलीला, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ अवश्य द्यावीत. 1934 पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेले हे पुस्तक ज्या बाईने लिहिले ती शाळेत गेलेली नव्हती. श्रद्धा माणसाला किती मोकळे, किती धीट आणि किती प्रेमळ करू शकते, याचा एवढा प्रसन्न पुरावा मराठीत दुसरा नाही.

कोणाला क्रूस द्यावासा वाटतो. तोही उत्तम, पण त्यात घेणाऱ्याची परंपरा ओळखावी. प्रोटेस्टंट घरांत साधा, रिकामा क्रूस मानला जातो. कॅथॉलिक घरांत प्रभूची मूर्ती असलेला क्रूस आणि जपमाळ यांना मान आहे, आणि ती वस्तू फादरांकडून आशीर्वादित करून घेण्याची चाल आहे. कोल्हापूरकरांना यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. गुजरीतील सराफ आहेत, आणि जिल्ह्यातच चांदीच्या कामासाठी सर्वदूर नावाजलेले हुपरी गाव आहे. तेथील कारागिराने घडविलेला लहानसा चांदीचा क्रूस हा आपल्या मातीतील हातांनी केलेला असतो, ही गोष्ट परगावी राहणाऱ्या पदवीधराला अधिकच जवळची वाटेल.

त्याहूनही मला प्रिय आहे ते चामड्याचे वेष्टन. ज्या चामड्याच्या पायताणांनी कोल्हापूरचे नाव देशोदेशी नेले, ते चामडे येथील कारागीर बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावीत आले आहेत. त्या चामड्याचे दोन पाखांचे वेष्टन ग्रंथाच्या मापाने कापून, कडेने चामड्याच्याच वादीने शिवून घेता येते. नवे असताना ते फिकट, किंचित ताठ आणि झाडाच्या सालीचा वास असलेले असते. ग्रंथ नित्य हाती घेतला तर हाताच्या तेलाने ते हळूहळू मऊ आणि गडद होत जाते, आणि कपाटात ठेवला तर जसेच्या तसे कोरडे राहते. ग्रंथ वाचला जातो की नाही याची साक्ष त्या वेष्टनावरच उमटते. शिवाय, ज्या समाजाला विद्येपासून शतकानुशतके दूर ठेवले गेले, त्या समाजातील कारागिराच्या हातचे काम पदवीधराच्या ग्रंथाला लागावे, यात श्रमाचा मानही राहतो.

परंतु भेटीचा प्राण वेष्टनात नसतो, पहिल्या कोऱ्या पानावर असतो. छापील चिकटपट्टीवर नाव लिहून ती डकविण्याची जी रीत पडली आहे ती मोडली पाहिजे. त्या पानावर हाताने, शाईने आणि मराठीत लिहावे. अक्षर वाकडे आले तरी चालेल. वरच्या बाजूस दिनांक आणि गाव, मग पदवीधराचे पूर्ण नाव, पदवी आणि विद्यापीठ. त्याखाली दोन-तीन वाक्ये, आणि शेवटी घरातील व मंडळीतील ज्यांचा या शिक्षणाला हात लागला त्या सर्वांच्या सह्या. वाक्ये कशी असावीत? ‘तुझे भविष्य उज्ज्वल होवो’ असे लिहून काही साधत नाही. एखाद्या आजोबांनी असे लिहावे: ‘प्रिय नातीस. माझ्या आईला अंगठा उठवावा लागे. तुझ्या नावापुढे आज पदवी आहे. या दोहोंमधली वाट मिशनच्या मास्तरांनी, महाराजांनी, आणि तुझ्या आईने रात्रपाळ्या करून बांधली. जिला अजून वाट नाही तिच्यासाठी तू एक हात वाट बांध.’ असे पान असलेला ग्रंथ कोणी रद्दीत घालणार नाही. ज्या आजीला लिहिता येत नाही तिचा अंगठाही त्या पानावर घ्यावा; कुलगुरूंच्या सहीपेक्षा त्याची किंमत रतिभरही कमी नाही.

वचन निवडतानाही विचार हवा. पदवीच्या प्रसंगी जगभर सर्वांत अधिक लिहिले जाणारे वचन म्हणजे यिर्मयाच्या 29 व्या अध्यायातील 11 वे. परमेश्वराच्या मनात तुमच्याविषयी हिताचे संकल्प आहेत असा त्याचा आशय आहे, आणि म्हणूनच ते आवडते. पण तो अध्याय आरंभापासून वाचला तर त्याचा अर्थ पुष्कळ खोल होतो. बाबेलात बंदी म्हणून नेलेल्या लोकांना यरुशलेमेहून यिर्मया संदेष्ट्याने पाठविलेले ते पत्र आहे. दोन वर्षांत सर्व ठीक होईल अशी हनन्या नावाचा दुसरा एक मनुष्य ग्वाही देत होता; यिर्मयाने मात्र सत्तर वर्षे लागतील असे सांगितले, आणि तोपर्यंत परक्या नगरात घरे बांधा, बागा लावा, संसार मांडा, आणि ज्या नगरात राहता त्याचे कल्याण साधा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, असा आदेश दिला. हिताचे अभिवचन येते ते या आदेशाच्या पाठीवर. पुणे, मुंबई, बंगळूर अथवा आखातातील एखाद्या शहरी नोकरीस निघालेल्या कोल्हापूरच्या पदवीधराला याहून समर्पक उपदेश कोणता असणार? म्हणून केवळ 11 वे वचन लिहू नये. 5 ते 11 असा पूर्ण संदर्भ लिहावा, म्हणजे लवकर मिळणाऱ्या यशाचे आश्वासन म्हणून ते वाचले जाणार नाही.

इतरही स्थळे आहेत. न्यायाने वागणे, दयेची आवड धरणे आणि देवासमोर नम्र राहणे, एवढीच देवाची मागणी असल्याचे सांगणारे मीखाचे 6 व्या अध्यायातील 8 वे वचन कायद्याच्या किंवा प्रशासनाच्या पदवीधराला द्यावे. परक्या राजाच्या पदरी तीन वर्षे परकी विद्या शिकून परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या, पण आपले शील न सोडलेल्या दानीएलाची कथा त्या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात आहे. ती शास्त्राच्या व तंत्रविद्येच्या विद्यार्थ्यांसाठी. आणि ज्या घरात आजीच्या व आईच्या श्रद्धेवर मूल वाढले, तेथे तीमथ्याला पाठविलेल्या दुसऱ्या पत्रातील 1 ल्या अध्यायाचे 5 वे वचन लिहावे. कारण पौलाने तेथे तरुण तीमथ्याच्या विद्वत्तेचा उल्लेख न करता त्याची आजी लोइस आणि आई युनीके यांच्या विश्वासाची नावानिशी आठवण ठेविली आहे.

भेट देण्याचा प्रसंगही साधाच असावा. रविवारच्या उपासनेत पाळकसाहेबांनी पदवीधराला पुढे बोलवावे, ज्यांनी त्याला अक्षरओळख करून दिली अशा एखाद्या वृद्ध शिक्षकाच्या किंवा शिक्षिकेच्या हस्ते ग्रंथ द्यावा, पहिल्या पानावरील मजकूर मोठ्याने वाचावा आणि मंडळीने त्याच्यासाठी प्रार्थना करावी. भाषणे नकोत, हारतुरे नकोत. परीक्षेत मागे पडलेली मुलेही त्याच बाकांवर बसलेली असतात, हे विसरू नये. पदवी हा देवाच्या कृपेचा पुरावा आणि अपयश हा तिच्या अभावाचा, असा समज त्यांच्या मनात चुकूनही निर्माण होता कामा नये. म्हणूनच प्रार्थनेत त्यांचेही नाव असावे. आणि कोल्हापूरसारख्या नगरीत, जेथे शेजारी, मित्र व सहाध्यायी सर्व धर्मांचे असतात, तेथे एखाद्या हिंदू अथवा मुसलमान स्नेह्यालाही आपल्या ख्रिस्ती मित्राचा गौरव त्याच्या श्रद्धेला मान देऊन करावासा वाटला, तर त्याने संकोच करू नये. पवित्र शास्त्राची प्रत आणि आपल्या हातचे दोन शब्द, एवढे त्याला पुरे आहे. वसतिगृहांच्या या नगरीला तो प्रकार शोभणाराच आहे.

ही भेट देण्यासाठी धनिक असण्याची गरज नाही. मराठी पवित्र शास्त्राची साधी प्रत सामान्य कुटुंबाला सहज परवडते, आणि सर्वांत मौल्यवान भाग, म्हणजे पहिल्या पानावरील मजकूर, विनामूल्य आहे. माझी कोल्हापूरच्या आणि एकंदर महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळ्यांना विनंती आहे ती इतकीच: यंदाच्या पदवीदान समारंभानंतर आपल्या मंडळीतील प्रत्येक पदवीधराच्या नावाने एक प्रत घ्या, त्याच्या आजीला, आईला आणि पहिल्या शिक्षकाला एकत्र बसवा, त्या पदवीमागे कोणाकोणाचे कष्ट आहेत ते आठवून कोऱ्या पानावर लिहा, आणि मगच ती प्रत त्याच्या हाती द्या.